शेजारची जागा

बिबवेवाडी, पुणे
१२ एप्रिल २०१३

प्रिय नसीम,

अक्षर ओळखलं असशीलच. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी सोबतचा फॉर्म बाजूला काढून ठेव.

कामाचं आधी लिहिते. शहराच्या नव्या विकास योजनेचा मसुदा जाहीर झाला आहे. परवा मी प्रदर्शनात जाऊन नकाशे बघून आले. भिंतीभर लावलेत आणि समोर ही गर्दी. जो तो नकाशावर बोट फिरवत आपलं घर शोधतोय, सापडलं की बायकोला हाक मारतोय. आमच्या वेळी नगररचनेच्या ऑफिसात हे सगळं आम्ही हातानं काढायचो, हातानं रंगवायचो. आता कॉम्प्युटर काढतो, आणि रंग असे भडक की साड्यांच्या सेलमध्ये आल्यासारखं वाटतं. मी चष्मा दोनदा पुसला आणि बिबवेवाडी शोधली. आमच्या सोसायटीच्या पूर्वेला तुमची पाच गुंठे जागा. तिच्यावर अजून हिरवा रंग आहे. खेळाचं मैदान. तीस वर्षांत तिथे एक विटी उडाली नाही, ना कुणी ती जागा ताब्यात घेतली, ना तुम्हाला मोबदला दिला. आरक्षण मात्र जसंच्या तसं. सरकारी कामात काही टिकाऊ असेल तर ते एवढंच.

आता नीट वाच. मसुदा जाहीर झाला की साठ दिवस हरकती घेतात. जो लेखी हरकत घेतो त्याला सुनावणीला बोलावतात, त्याचं ऐकून घेतात आणि त्यातून काही आरक्षणं उठतातही. जो गप्प बसतो त्याला कुणी बोलवत नाही. त्याचं काही म्हणणंच नाही असं धरतात. म्हणून फॉर्म पाठवते आहे. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आरक्षणाचा क्रमांक, सगळं मी भरलं आहे. तू फक्त सही कर आणि सातबारा जोडून मकसूदच्या हाती दे. शेवटची तारीख वर लाल पेननं लिहिली आहे. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय त्याला तिथून हलू देऊ नकोस.

तुमचा हडपसरचा पत्ता फोनच्या पुस्तकातून मिळाला. फोनही लावला होता. मकसूद म्हणाला, "अम्मी नमाज पढतीये." दुपारी लावला तेव्हाही नमाज आणि रात्री नऊला लावला तेव्हाही नमाज. मी समजले. पोरगा गुणी आहे, खोटं बोलताना अडखळतो.

शमशुद्दीनभाई गेले, तू एकटी पडलीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. नऊ वर्षं झाली. मी आले नाही. गुडघे दुखत होते असं लिहिणार होते, पण तेव्हा माझे गुडघे ठणठणीत होते. त्यांनी केलेली पत्र्याची ट्रंक अजून आमच्या पलंगाखाली आहे. गोदरेजचं कपाट गंजलं, ती गंजली नाही.

फॉर्मचं विसरू नकोस.

तुझी
सुहासिनी


बिबवेवाडी
५ मे २०१३

प्रिय नसीम,

रजिस्टरची पोच आली. खाली मकसूदची सही आहे, म्हणजे पत्र घरात पोचलं. उत्तर नाही. नको देऊस. मी काही तुझ्या उत्तरासाठी अडून बसलेली नाही, फॉर्मसाठी बसले आहे.

आमच्याकडे काय चाललंय ते ऐक, म्हणजे घाई कळेल. रविवारी सोसायटीची सभा झाली. आमचे हे, श्रीधरपंत, अजून सेक्रेटरीच आहेत. पंच्याऐंशी टक्के ऐकू येत नाही, तरी खुर्ची सुटत नाही. ठराव असा झाला की शेजारचं मैदानाचं आरक्षण मुळीच उठवू नये, असा अर्ज सोसायटीनं द्यायचा. कारण काय, तर उजेड अडेल. वारा अडेल. खरं कारण असं की सोसायटीच्या सात गाड्या तुमच्या जागेत उभ्या असतात. कुणी फ्लॅट विकायला काढला की जाहिरातीत 'समोर मोकळं मैदान' लिहितात. मैदान तुझं, आणि भाव त्यांच्या फ्लॅटला.

सभेत मी म्हटलं, "अहो, मोकळी जागा एवढी हवी आहे तर आपल्या पार्किंगमध्ये ठेवा की." सगळे हसले. लोकांना वाटलं मी गंमत करते आहे. घरी आल्यावर मात्र हे जेवायला बसेनात. म्हणाले, "आपण कायद्यानं वागलो. तेव्हाही आणि आत्ताही." मी म्हटलं, कायद्यानं वागलेल्या माणसाला आमटी गोड लागायला हवी, जेवा.

आणखी एक सांगायचं राहिलंय. मागच्या पत्रात लिहीन लिहीन म्हणत टाळलं. योजना मंजूर होऊन दहा वर्षं झाली आणि तरी जागा घेतली नाही, तर मालकाला नोटीस देता येते, की घ्या नाहीतर सोडा. मुदतीत त्यांनी हालचाल केली नाही तर आरक्षण आपोआप उठतं. मागची योजना सत्त्याऐंशीत मंजूर झाली, म्हणजे सत्त्याण्णव साली तुम्ही मोकळे झाला असता. शमशुद्दीनभाई तेव्हा होते. त्यांचे हात चालत होते. घर झालं असतं.

मला हा नियम तेव्हा माहीत होता. टेबलासमोरून अशा नोटिसा जायच्या. दर वेळी वाटायचं, नसीमला दोन ओळी टाकाव्यात, एका पोस्टकार्डाचं काम. टाकल्या नाहीत. टाकल्या असत्या तर तू विचारलं असतंस, मुळात हे आरक्षण आमच्या जागेवर आलंच कसं?

पुढचं लिहवत नाही. हाताला घाम आला की अक्षर बिघडतं, तुला माहीत आहे.

फॉर्म दे.

सुहासिनी


बिबवेवाडी
२१ मे २०१३

प्रिय नसीम,

सहा दिवस उरले. तू फॉर्म दिला असशील किंवा नसशील, मला कळायला मार्ग नाही. म्हणून आता फॉर्मचं लिहीत नाही. झालं ते लिहिते. तू वाचलंस तर बरं, नाही वाचलंस तरी माझ्याकडून एकदा लिहून होऊ दे.

ब्याऐंशी साल. मागच्या योजनेचा मसुदा लागला तेव्हा मैदानाचं आरक्षण तुमच्या जागेवर नव्हतंच. ते आमच्या सोसायटीच्या जागेवर होतं, पूर्वेच्या बाजूनं एक तृतीयांश. त्यात बी विंग जात होती. आठ फ्लॅट. त्यातला दुसऱ्या मजल्यावरचा एक आमचा. नारायण पेठेतल्या दीड खोलीत सासू-सासरे, दोन दीर आणि आम्ही दोघं असे राहायचो. त्या फ्लॅटसाठी मी मंगळसूत्राची वाटी सोडून सगळं मोडलं होतं.

यांनी हरकतीचा मजकूर लिहिला आणि सायक्लोस्टाइल करून चाळीस सभासदांच्या सह्यांनी चाळीस अर्ज टाकले. एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यात. यात काही गैर नव्हतं. आजही मी त्यांना त्यासाठी दोष देत नाही.

त्याच साठ दिवसांत तू ऑफिसात आली होतीस, जेवणाच्या सुट्टीत. आठवतं? माझ्या डब्यातली गवारीची भाजी तू संपवलीस आणि विचारलंस, "गं, सगळेच अर्ज टाकतायत. आम्ही पण एक टाकून ठेवू का?" मी तुला नकाशा उघडून दाखवला. तुमची जागा पिवळी होती, राहण्याची. मी हसले आणि म्हटलं, "कशावर हरकत घेणार, बये? तुमच्या जागेवर काही नाहीच. उगाच कागद वाढवू नकोस." शिकलेल्या माणसाचा शहाणपणा बघ. आम्हा ऑफिसातल्या लोकांना फुकटचा अर्ज दिसला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. तुझं ते भाबडं 'टाकून ठेवू का' हेच बरोबर होतं. ज्याला काही तक्रार नाही त्यानंच अर्ज टाकून ठेवायला हवा होता, की आमचं आहे तसंच राहू द्या.

मग सुनावण्या झाल्या. चाळीस लोक आले, बायकामुलांसकट. समितीला दया आली. पण मैदान तर पाहिजेच, वस्तीच्या हिशोबानं तेवढं धरावंच लागतं. साहेब म्हणाले, थोडं पूर्वेला सरकवू. त्यांनी मला आत बोलावलं. मी हरकतींची वही ठेवायचे ना, म्हणून. विचारलं, "बाई, शेजारच्या जागेवर किती हरकती आहेत?"

मी वही उघडली. उघडायची गरज नव्हती. तरी पान उलटलं आणि म्हटलं, "एकही नाही, साहेब."

खरं बोलले मी. जन्मात इतकं घाणेरडं खरं कधी बोलले नसेन.

म्हणता आलं असतं, साहेब, ती जागा माझ्या मैत्रिणीची आहे, त्यांना मीच अर्ज टाकू नका म्हटलं होतं. म्हणता आलं असतं, पश्चिमेला मोठी पडीक जागा आहे, तिकडे बघा. साहेब वाईट नव्हते. ऐकलं असतं. पण पुन्हा फाइल उघडली असती, पुन्हा सगळं चर्चेला आलं असतं, आणि माझ्या फ्लॅटच्या जिवात जीव येऊन जेमतेम चार मिनिटं झाली होती. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी नकाशा माझ्याच टेबलावर आला. ट्रेसिंगवरची शाई पुसली जात नाही, खरवडावी लागते. अर्धं ब्लेड आडवं धरायचं, हलक्या हातानं ओढायचं, मग तिथला कागद नखानं घासून गुळगुळीत करायचा, नाहीतर नवी शाई फुटते. माझ्याइतकं स्वच्छ खरवडणारं आमच्या ऑफिसात कुणी नव्हतं. त्या दिवशी मी सगळ्यात स्वच्छ खरवडलं. आमच्या जागेवरची रेघ काढली आणि तुमच्या जागेभोवती मारली. बदल किरकोळ आहे असा शेरा पडला, म्हणून तो पुन्हा लोकांसमोर ठेवला नाही. तुम्हाला कळण्याचा रस्ताच नव्हता, मी सोडून.

मधली सहा वर्षं तू आमच्याकडे येत होतीस. आमच्या वास्तुशांतीला आलीस, या बाल्कनीत उभी राहून शमशुद्दीनभाईंना दाखवलंस, खाली ट्रंकांचा कारखाना कुठे, वर खोल्या कुठे, जिना कुठून. मी चहा घेऊन मागे उभी होते. त्या वेळी तुझ्या घराची रेघ मी मारून चुकले होते.

अठ्ठ्याऐंशीत तुमचा बांधकामाचा अर्ज नामंजूर झाला आणि तुम्ही दोघं आलात. तू म्हणालीस, "तू तर म्हणाली होतीस काही नाहीये." मी म्हटलं, "वरून बदललं असेल गं. आमच्या हातात काय असतं?" शमशुद्दीनभाई म्हणाले, "सच बात है, बहनजी नौकर आदमी." तू चहाला हात लावला नाहीस. पुन्हा आली नाहीस.

माझ्या हातात होतं, नसीम. अर्धं ब्लेड होतं.

माफी मागायला शब्द शोधत तासभर बसले. सापडले ते सगळे अर्जातले आहेत. 'कृपया', 'सहानुभूतीपूर्वक', 'विनंती'. ते तुला काय लिहू. मला लाज वाटते, एवढंच लिहिते. रोज दुपारी पडदा बाजूला केला की वाटते. या फ्लॅटमध्ये आल्यापासून मी पूर्वेचा पडदा दुपारशिवाय उघडलेला नाही.

सुहासिनी


बिबवेवाडी
२८ मे २०१३

प्रिय नसीम,

मुदत काल संपली. तुझं काही कळलं नाही. म्हणून शेवटच्या दिवशी मीच गेले.

हरकत कुणालाही घेता येते. जागेचा मालकच असावा असा नियम नाही. हे मला ब्याऐंशीतही पाठ होतं, तेही लिहून टाकते, राहायला नको.

दोन तास रांगेत उभी होते. खिडकीवरचा कारकून माझ्या नातवाच्या वयाचा. फॉर्म बघून म्हणाला, "आजी, जागा तुमची आहे का?"
म्हटलं, "नाही."
"मालकाचं संमतिपत्र?"
"नाही."
"मग तुमचा संबंध काय?"
म्हटलं, "हे आरक्षण आमच्या जागेवर होतं. ते तिथून काढून त्यांच्या जागेवर मी टाकलं, या हातानं. मला ते काढायचं आहे."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हातारीचं डोकं फिरलंय. मागच्या माणसानं "चला, आवरा" म्हटलं. मग कारकून मवाळ झाला, म्हणाला, "आजी, हितसंबंधाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागेल." मी विचारलं, काय लिहितात लोक? तो म्हणाला, "शेजारी लिहा."

लिहिलं. शिक्का घेतला. पोच सोबत जोडते आहे, झेरॉक्स आहे.

सोसायटीत बातमी माझ्या आधी पोचली. संध्याकाळी जिन्यात तिघी बोलत होत्या, मी आले तशा आपापल्या दारात शिरल्या. आमच्या घरी हे चार वाक्यं बोलले. "तू आपल्याच सोसायटीविरुद्ध अर्ज दिलास. सेक्रेटरीच्या बायकोनं. उद्या मी लोकांना तोंड कसं दाखवू? या वयात तुला हे काय सुचलं?" मी म्हटलं, त्या वयात सुचायला हवं होतं.

सुनावणीला मी सगळं सांगणार आहे. पेन्शन थांबवायची तर थांबवोत. आरक्षण उठलं तर तुझं घर होईल. वर दोन खोल्या, बाहेरून जिना. मकसूदला म्हणावं, नकाशा मी काढून देईन. हात अजून थरथरत नाहीत.

सुहासिनी


हडपसर
१६ जून २०१३

सुहासिनी,

तुझी चारही पत्रं मिळाली. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून मकसूदनं वाचून दाखवली. तिसरं वाचताना मध्येच थांबला. त्याला वाटलं मला धक्का बसेल. मी म्हटलं, वाच पुढे, मला माहीत आहे.

आम्हाला अठ्ठ्याऐंशीतच कळलं होतं. तुझ्याकडून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी हे जाऊन दोन्ही छापील नकाशे घेऊन आले, आधीचा आणि मंजूर झालेला. जमिनीवर शेजारी शेजारी पसरले. तुमच्या जागेवरचं उठलं आणि आमच्यावर आलं, एवढं तर लहान मूलही सांगेल. भूमितीत तुझ्यापेक्षा दहा मार्क मला जास्त असायचे, विसरलीस का? आणि आकडे तुझ्या हातचे होते. तुझा चार मी कुठेही ओळखीन.

मी तेव्हाच तुझ्या दारात येऊन भांडणार होते. यांनी अडवलं. म्हणाले, बाईमाणूस आहे, नोकरी आहे, सासर आहे, कुणी दबाव टाकला असेल. थांब, ती येईल, स्वतः सांगेल. सोळा वर्षं हे असंच म्हणत राहिले. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात एकदा दार वाजलं, तेव्हा म्हणाले, बघ, सुहासिनी असेल. नर्स होती.

दहा वर्षांच्या नोटिशीचं तू लिहिलंस ते मात्र आम्हाला माहीत नव्हतं. ते वाचून मी दोन दिवस जेवले नाही. ते लिहिलं नसतंस तरी चाललं असतं.

आता तुला एक सांगते, तुला माहीत नाही ते. एकोणऐंशीत यांना हडपसरला याच पैशात दुप्पट जागा मिळत होती. कारखान्याला रस्त्यालगत, सोयीची. हे तीच घेणार होते. मी हट्ट धरला. तुमच्या सोसायटीची जागा तेव्हा ठरली होती. म्हटलं, मला सुहासिनीच्या शेजारी राहायचं आहे. बायकोच्या मैत्रिणीसाठी त्यांनी सोयीची जागा सोडली आणि मरेपर्यंत एका शब्दानं मला टोचलं नाही. ते घर मला त्या पाच गुंठ्यांवर नको होतं, तुझ्या शेजारी हवं होतं. तेव्हा नकाशा काढायची तसदी घेऊ नकोस. जागा सुटली तर मकसूद विकेल. त्याला मुलींच्या शिक्षणाला उपयोगी पडेल. मी तिथे राहायला येणार नाही.

फॉर्म आम्ही दिला. शेवटच्या दिवशी. मकसूद एकटा जातो म्हणत होता, पण पोच घेतल्याशिवाय हलू नये म्हणून मीही गेले.

तुझ्या मागे नऊ माणसं सोडून आम्ही उभे होतो. डोळ्यावर काळा चष्मा होता, तरी मान बघून ओळखलं. वाळलीस खूप. कारकुनाशी बोलताना तुझा आवाज चढला, सगळं ऐकू आलं मला. तो म्हणाला शेजारी लिहा, आणि तू खिडकीच्या कडेला कागद टेकवून लिहायला लागलीस. मकसूद म्हणाला, "अम्मी, वो आंटी हैं ना? बुलाऊँ?" मी नको म्हटलं. तू पोच घडी करून पर्समध्ये ठेवलीस आणि आमच्या अगदी जवळून गेलीस, पदर माझ्या हाताला लागला. हाक मारायला तोंड उघडलं होतं मी. पण हाक मारली तर तू थांबशील, आणि थांबलीस तर मला तुला माफ करावं लागेल. तेवढं बळ त्या दिवशी अंगात नव्हतं. तू जिना उतरून जाईपर्यंत मी भिंतीकडे बघत उभी राहिले.

नसीमबानू